प्राण्यांच्या रेस्क्यूसाठी ट्रेल चालताय? मग सॅटेलाइट मेसेंजरबद्दल हे वाचा

लांबचा ट्रेल (डोंगर-जंगलातली पायवाट) चालून रेस्क्यूसाठी, म्हणजे प्राणी वाचवणाऱ्या संस्थेसाठी, पैसे गोळा करायचे तर सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे मोबाइलची रेंज नसतानाही उपग्रहातून मेसेज पाठवणारं छोटं मशीन, घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर हो, घ्याच. सगळे ते सेफ्टीसाठी घेतात आणि ते बरोबरच आहे, पण आमच्या रेस्क्यूच्या खात्यात पैसे आणले ते त्याच्या ट्रॅकिंगने.

कसं ते सांगतो. मशीन दर दहा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने, जसं सेट कराल तसं, तुमचं लोकेशन उपग्रहावर पाठवतं आणि लिंक असलेल्या कुणालाही ते नकाशावर ठिपक्यासारखं दिसतं. माझं मशीन इरिडियम या उपग्रह कंपनीच्या नेटवर्कवर चालतं, त्यांचे ६६ उपग्रह साधारण ७८० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात, त्यामुळे मोबाइलला एक काडी पण नसते तिथूनही मेसेज जातो. निघण्याआधी पोस्ट टाकल्या, फोटो टाकले, लोकांनी लाइक केलं आणि पुढे गेले. पण एकदा ठिपका सरकायला लागल्यावर तीच माणसं सकाळी उठून नकाशा बघायला लागली. एका चढावर पावसामुळे बराच वेळ ठिपका एकाच जागी होता तर एका काकूंनी थेट रेस्क्यूला फोन करून विचारलं की मुलगा बरा आहे ना, आणि फोन ठेवायच्या आधी दोन पिल्लांच्या लसीकरणाचा खर्च उचलला.

आम्ही प्रत्येक टप्पा एकेका प्राण्याच्या नावाने ठेवला होता आणि हे खरंच करा. सकाळी मेसेज जायचा, 'आजचे किलोमीटर काळूसाठी, मागच्या पायात रॉड बसवलाय, अजून टेकवत नाही.' बास, एवढंच. मेसेज छोटाच लिहावा लागतो आणि त्याचा फायदाच होतो, कारण लोक ते पूर्ण वाचतात. ज्यांनी किलोमीटरमागे रक्कम कबूल केली होती त्यांना नकाशावरची रेघ हाच पुरावा, त्यामुळे नंतर किती चाललास वगैरे विचारायची वेळच आली नाही. रेस्क्यूचे खर्च काही सांगून येत नाहीत, आईविना सापडलेल्या मांजराच्या पिल्लांना दर दोन-तीन तासांनी दूध पाजावं लागतं, पार्वो (कुत्र्यांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) झालेलं पिल्लू आलं की त्याला बाकीच्यांपासून वेगळं ठेवायचं, सलाइन लावायचं, आणि हे सगळं आजच्या आज लागतं, त्यामुळे चालणं संपल्यावर एकदम रक्कम येण्यापेक्षा चालता चालता थोडे थोडे पैसे येत राहिले हे फार उपयोगी पडलं.

आता त्रास. दाट झाडीत मेसेज अडकतो, कधी कधी खूप वेळ. अमेरिकेतला अपालाचियन ट्रेल साधारण ३५०० किलोमीटरचा आहे आणि त्याला लोक हिरवा बोगदा म्हणतात, तसल्या ठिकाणी मशीन बॅगेच्या आत ठेवलं तर काही उपयोग नाही, खांद्याच्या पट्ट्याला वर लावा, अँटेना आकाशाकडे. थंडीत बॅटरी पटापट उतरते म्हणून रात्री स्लीपिंग बॅगमधे घेऊन झोपायचं. आणि घरच्यांना, देणगीदारांना आधीच सांगून ठेवा की ठिपका थांबला म्हणजे अपघात झाला असं नाही, नाहीतर सगळे घाबरतात.

सगळ्यात जास्त राग आला तो नकाशाच्या पानाचा. त्यावर देणगीची लिंक टाकायची सोयच नव्हती, माणूस ठिपका बघतो, मन भरून येतं आणि पैसे द्यायला जागाच नाही! शेवटी रेस्क्यूच्या पानावर वर देणगीचं बटण आणि खाली नकाशाची लिंक असं केलं आणि सगळीकडे तेच पान शेअर केलं.

लाइव्ह लिंक उघड्यावर टाकायची की नाही ते नीट ठरवा. एकटे चालत असाल, विशेषतः मुली, तर रात्री तंबू कुठे आहे ते अनोळखी माणसाला कळता कामा नये. मुक्कामाच्या बऱ्याच आधी ट्रॅकिंग बंद करा आणि सकाळी पुढे गेल्यावर चालू करा, किंवा पानाला पासवर्ड लावा. आणखी एक फार महत्त्वाचं, काही देशांत परवानगीशिवाय असं उपकरण जवळ बाळगणंही बेकायदा आहे, भारतही त्यात आला, विमानतळावर पकडलं तर ट्रेल राहील बाजूला. जिथे जाणार तिथला नियम आधी बघा.

फक्त जीव वाचवायला हवं असेल तर ४०६ मेगाहर्ट्झवाला पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन, संकटात बटण दाबायचं छोटं यंत्र) घ्या, त्याला सबस्क्रिप्शन लागत नाही, पण तो फक्त एसओएस पाठवतो, ठिपका नाही, गप्पा नाहीत, म्हणजे फंडरेझिंगला शून्य उपयोग. मेसेंजर घेणार असाल तर दोन्हीकडून मेसेज येणारा-जाणारा घ्या, कारण अडचणीत समोरून 'काय झालंय, चालता येतंय का' असं विचारणारं कुणीतरी पाहिजे.

मशीन आणि सबस्क्रिप्शनचा खर्च मी स्वतःच्या खिशातून केला आणि ते देणगीच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं. तुम्हीही लिहा, कारण माझे पैसे कुत्र्यामांजरांना जाणार की तुमच्या बुटांना, हे लोक विचारतातच आणि त्यांनी विचारायलाच पाहिजे. सबस्क्रिप्शन मात्र महिन्याचं घ्या, वर्षाचं नको, आणि बंद कसं करायचं ते घेतानाच विचारून ठेवा.