माफीची वही: सात महिन्यांनंतर

आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. घर गोव्यात, डिचोलीला. झोपेत ओरडणं, कडी तीन-तीनदा तपासणं, हॉटेलात भिंतीला पाठ लागेल अशीच खुर्ची धरणं, सगळं अंगवळणी पडलंय. एप्रिलमध्ये आम्हा फौजींच्या बायकांच्या गटात समुपदेशक बाईंनी ‘रीच’ची, म्हणजे माफ करायला शिकवणारी, वही दिली. पायऱ्या पाच: दुखणं आठवायचं, समोरच्याच्या जागी बसून बघायचं, माफी भेट म्हणून द्यायची, तसं लिहून स्वतःला बांधून घ्यायचं आणि मन फिरलं तरी धरून राहायचं.

मी चिडलेच. आजारी ते, शिकवणी मला? बाई म्हणाल्या, माफ करणं म्हणजे सोसत राहणं नव्हे; मारहाण होत असेल तर आधी तिथून बाहेर पडायचं, वही नंतर. ही पद्धत बसवणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोरानं खून केला होता, आणि त्यांनी ती स्वतःवरच वापरून पाहिली. हे ऐकलं आणि वही पुन्हा उघडली.

माझं दुखणं जुनं. माझी आई गेली तेव्हा ह्यांना सुट्टी मिळाली होती. थिवी स्टेशनला उतरले, पण साखळीला माझ्या माहेरी पोचले दुसऱ्या दिवशी, पिऊन. रिकाम्या खुर्चीपुढे बसून मी तासभर भांडले. मग त्यांच्या खुर्चीत बसायचं होतं. बसले, आणि आठवलं की त्याच महिन्यात त्यांनी पलटणीतल्या एका जोडीदाराला खांदा दिला होता. आणखी एक चिता नको झाली असेल का? अंदाजच तो. ह्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

चौथ्या पायरीला तळहातावर बॉलपेननं ‘आई’ लिहून धुवायचं. भांड्यांच्या साबणानं घासलं तरी निळा डाग उरलाच. तो उरतो, हेच म्हणे शिकायचं.

खटकलं ते हे: वही इंग्रजीत, ‘भेट’वाला भाग बाईंनी मराठीत सांगूनही डोक्यावरून गेला. ती दोन-तीन तासांत पुरी होते म्हणतात. मला गणपतीची चवथ उजाडली. कोलंबिया, युक्रेनसह पाच ठिकाणच्या ४,५९८ लोकांवर ती तपासलीय, त्यांची उदासी आणि चिंता कमी झाली. माझा राग उतरला, ह्यांची झोप मात्र होती तशीच. त्यासाठी बांबोळीच्या इस्पितळातली औषधं चालू आहेत, आणि मी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फ्रिजवर चिकटवलाय.

दिवाळीत नरकासुराच्या रात्री फटाके सुरू झाले तसे हे न्हाणीघरात जाऊन बसले. दरवर्षी मी बाहेरून बडबडायचे. यंदा दाराशी पाट टाकून सकाळचे फोव (पोहे) निवडत बसले. पहाटे दार उघडून म्हणाले, “अजून जागीच?”

वहीत सासूबाईंचं पान अजून कोरं आहे.