झिर्कोनियम पेंटाटेल्युराइडचे विकतचे स्फटिक: लेबलावर जाऊ नका

झिर्कोनियम पेंटाटेल्युराइड म्हणजे झिर्कोनियम आणि टेल्युरियमचं संयुग; प्रयोगशाळेतल्या मोजमापांसाठी त्याचे स्फटिक विकत मिळतात. पॅकिंगला नाव ठेवायला जागा नाही. निर्वात पाकीट, आत जेलची डबी, त्यात चार चकचकीत करड्या फिती. लांबी 6 ते 8 मिमी, रुंदी जेमतेम अर्धा मिमी. लेबलावर ‘99.999 टक्के शुद्ध’. हा आकडा कच्च्या मालाचा असतो, स्फटिकाचा नव्हे, आणि गिऱ्हाईक फसतं ते इथेच.

या पदार्थाचा सगळा स्वभाव ठरतो टेल्युरियमच्या रिकाम्या जागांवर, म्हणजे स्फटिकात जिथे टेल्युरियमचा अणू असायला हवा पण नाही त्या जागांवर. आयोडीन घालून बाष्पातून वाढवलेल्या स्फटिकात रोधाचं शिखर (थंड करताना रोध चढून जिथून पुन्हा उतरतो ते तापमान) 130-140 केल्विनच्या आसपास येतं. टेल्युरियमच्या फ्लक्समध्ये, म्हणजे वितळलेल्या टेल्युरियममध्ये, वाढवलेल्यात ते 100 च्याही खाली उतरतं. बाष्पातल्या स्फटिकात शिखराच्या वरच्या तापमानात वीज वाहतात होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, धन भारासारख्या), खाली इलेक्ट्रॉन, म्हणून हॉल व्होल्टेजचं (चुंबकीय क्षेत्रात करंटला आडवा निर्माण होणाऱ्या व्होल्टेजचं) चिन्ह त्याच सुमारास उलटतं. टेल्युरियमची एवढी बारीक तूट ईडीएक्सच्या (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचं प्रमाण मोजण्याच्या चाचणीच्या) हाती लागत नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी त्याच बॅचचा 300 ते 2 केल्विनचा रोधाचा आलेख मागा. नुसता एक्स-रे विवर्तनाचा आलेख पाठवला तर पुढे जाऊ नका.

रोध मोजायला माल चांगला आहे. टेपने हलकेच सोलून ताज्या पृष्ठावर 25 मायक्रॉनची सोन्याची तार सिल्व्हर पेस्टने लावावी. करंटची टोकं फितीच्या पूर्ण रुंदीभर पसरवायची. ठिपक्याएवढी ठेवली, तर चुंबकीय क्षेत्र करंटला समांतर असताना करंट मधोमध धारेसारखा एकवटतो, कडेचा व्होल्टेज पडतो, आणि ऋण मॅग्नेटोरेझिस्टन्स (क्षेत्र वाढवल्यावर रोध घटणं) दिसला म्हणून कायरल अनॉमलीचे (असा रोध घटवणाऱ्या खऱ्या क्वांटम परिणामाचे) पेढे वाटले जातात. व्होल्टेजची एक जोडी कडेला, एक मधोमध लावून पाहा. दोघींची उत्तरं जुळली नाहीत तर पेढे परत. फीत दोन्ही टोकांना घट्ट चिकटवू नये, थंड होताना ताण येऊन आलेखच बदलतो.

प्रकाशीय कामाला मात्र हा आकार तोकडा. 30 प्रति सेंमी (एका सेंमीत 30 लहरी) या तरंगसंख्येला तरंगलांबी 0.33 मिमी, म्हणजे जवळपास फितीच्या रुंदीएवढी; परावर्तनात विवर्तनाची (कडेपाशी प्रकाश वळून पसरण्याची) भेसळ होणारच. नमुन्यावरच सोन्याचा थर चढवून संदर्भ घेतला तरी ती पूर्ण जात नाही. मग लँडाऊ पातळ्यांच्या (चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या ठरावीक ऊर्जापातळ्यांच्या) रेषा चुंबकीय क्षेत्राच्या वर्गमुळानुसार सरकतात का (4 टेस्लाला 1 टेस्लाच्या जवळपास दुप्पट ऊर्जेवर), हे तपासताना खालच्या क्षेत्रातले बिंदू भरवशाचे राहत नाहीत. ऑर्डर देतानाच किमान 1.5 मिमी रुंदीची अट लेखी घाला.

रोधासाठी पाचपैकी चार, परावर्तनासाठी दोन. उरलेल्या फिती आर्गॉनमध्ये ठेवा. हवेत पृष्ठ लवकर खराब होतं.