टेक्स्ट फाइलमधून डिक्शनरी: स्प्लिट, सीएसव्ही की जेसन?

पायथन नुकतंच शिकायला घेतलं असेल आणि 'पुणे:020', 'नाशिक:0253' अशा ओळींची फाइल डिक्शनरीत (नावावरून व्हॅल्यू शोधून देणाऱ्या यादीत) घ्यायची असेल, तर ओळीचे तुकडे करणाऱ्या स्प्लिटनेच सुरुवात करा. प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर घडते, आणि चूक झाली तर ती कुठे झाली हेही दिसतं.

क्रम असा: विथ ओपन वापरून फाइल उघडा, फॉर लूपने एकेक ओळ घ्या, स्ट्रिपने शेवटचं न्यूलाइन काढा, ओळ रिकामी असेल तर कंटिन्यू करा, मग स्प्लिट(':', 1). त्यातला 1 (म्हणजे फक्त पहिल्या कोलनवर तोडा) विसरू नका. 'कार्यालय:10:30' अशी ओळ आली की त्याच्याशिवाय तीन तुकडे पडतात आणि दोन व्हेरिएबलमध्ये न मावल्यामुळे व्हॅल्यूएरर येतो. रिकामी ओळ गाळली नाही तर उलट तक्रार येते, तुकडे कमी पडल्याची. पार्टिशन वापरलं तर एरर येत नाही, पण कोलन राहून गेलेली ओळ रिकाम्या व्हॅल्यूसह गुपचूप आत जाते. शिकताना एरर आलेला बरा.

रकाने दोनापेक्षा जास्त असतील, किंवा पत्त्यासारख्या मजकुरातच स्वल्पविराम असतील, तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या फाइली वाचणाऱ्या) मॉड्यूलचा डिक्टरीडर घ्या. अवतरणचिन्हांतला स्वल्पविराम तो नीट सांभाळतो. मात्र तो सगळ्या फाइलची एक डिक्शनरी देत नाही, दर ओळीची वेगळी देतो. शहरावरून कोड शोधायचा तर लूप लिहून स्वतःची डिक्शनरी भरावी लागते. शीर्षकाच्या ओळीत स्वल्पविरामानंतर जागा सुटली असेल तर रकान्याचं नाव ' कोड' असं होतं आणि 'कोड' मागितलं की कीएरर येतो. त्यावर उपाय स्किपइनिशियलस्पेस=ट्रू.

जेसनचं (डिक्शनरीसारखीच मांडणी असलेल्या मजकूर-फाइलचं) काम एका लोडमध्ये होतं आणि आकडे आकडेच राहतात. पण शेवटी एक जादा स्वल्पविराम पडला तरी अख्खी फाइल वाचली जात नाही. हाताने भरायच्या फाइलसाठी म्हणून तो नको. प्रोग्रामनेच लिहून पुन्हा वाचायची असेल तर तोच घ्या.

एसटीडी कोड कुठेही स्ट्रिंगच ठेवा. इंट केलं की 020 चे 20 होतात, आणि जेसनमध्ये अवतरणाशिवाय 020 चालतच नाही.

मराठी मजकुरासाठी एन्कोडिंग='यूटीएफ-8' तिन्ही ठिकाणी द्या. विंडोजवर ते दिलं नाही तर बहुतेकदा सीपी1252 हे देवनागरी नसलेलं जुनं एन्कोडिंग गृहीत धरलं जातं. त्यात 'नाशिक'ची निरर्थक अक्षरं होतात, तर 'पुणे' आलं की थेट यूनिकोडडिकोडएरर. फाइल बीओएमसह (सुरुवातीच्या अदृश्य खुणेसह) सेव्ह झाली असेल तर स्प्लिट किंवा डिक्टरीडरमध्ये पहिल्याच नावाला एक अदृश्य अक्षर चिकटतं आणि तेवढंच नाव सापडत नाही. तिथे 'यूटीएफ-8-सिग' लिहा.

एकच शहर दोनदा आलं तर तिन्ही पद्धतींत नंतरची नोंद आधीची पुसते, तीही एररशिवाय. स्प्लिटच्या किंवा डिक्टरीडरच्या लूपमध्ये नोंद टाकण्याआधी ते नाव डिक्शनरीत आहे का हे 'इन'ने तपासता येतं. जेसन लोड झाल्यावर ती संधी गेलेली असते.