जुन्या टीव्हीसाठी स्वस्त स्ट्रीमिंग स्टिक : बांदोड्याच्या घरातला दीड महिन्याचा अनुभव

गोव्यात बांदोड्याला आईबाबांच्या घरी २०११ साली घेतलेला ३२ इंची एलसीडी टीव्ही आहे. त्याचे चित्र आजही स्वच्छ दिसते, आवाज खणखणीत येतो आणि बाबांना त्याचा रिमोट अंधारातही चाचपून चालवता येतो. उणीव एवढीच, की त्यावर इंटरनेट चालत नाही. मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींची नाट्यपदे, देवळांतली कीर्तने, चवथीच्या दिवसांतल्या घुमट या वाद्याच्या साथीने म्हटलेल्या आरत्या हे सगळे बाबा यूट्यूबवर ऐकत, पण फोनच्या हाताएवढ्या पडद्यावर, चष्मा कपाळावर सरकवून. चांगला चालणारा टीव्ही काढून टाकायला आई तयार नव्हती आणि मला तिचे म्हणणे पटले. म्हणून या टीव्हीला जोडून त्यावर इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारे स्वस्त उपकरण, म्हणजे स्ट्रीमिंग स्टिक किंवा तसा बॉक्स, निवडायचे ठरले. त्यात माझी एक खरेदी चुकली, दुसरी जमली. दोन्हींतून जे समजले ते सविस्तर लिहिते आहे, कारण दुकानात गेल्यावर विक्रेता पहिल्यांदा किंमत आणि '४के' हा अतिस्पष्ट चित्रासाठीचा शब्द सांगतो, आणि जुन्या टीव्हीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी सर्वांत शेवटी विचारात घ्यायच्या असतात.

सुरुवात टीव्हीच्या पाठीमागून करावी. तिथे एचडीएमआयची, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरने आत घेणारी, खाच आहे का, असल्यास किती आहेत आणि त्यांतली एखादी मोकळी आहे का, हे आधी पाहावे. सपाट पडद्याच्या बहुतेक टीव्हींना ती असते, पण अनेक घरांत ती डिश टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सने अडवलेली असते. आमच्या टीव्हीला अशा दोन खाचा होत्या, त्यामुळे बाबांच्या बातम्यांच्या वाहिन्या जशाच्या तशा राहिल्या. ज्यांच्याकडे अजून पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे आणि पाठीमागे केवळ पिवळ्या, पांढऱ्या, लाल रंगांच्या खाचा आहेत, त्यांना एचडीएमआयचे एव्हीत रूपांतर करणारी एक छोटी डबी मिळते. ती चालते, परंतु तिला वेगळा वीजपुरवठा द्यावा लागतो, आणि स्टिकने दाखवलेली बारीक अक्षरे त्या टीव्हीवर इतकी पुसट दिसतात की वयस्कर माणसाला नावे वाचून कार्यक्रम निवडणे कठीण होते. अशा घरासाठी मी स्टिकची शिफारस करणार नाही. ते पैसे नव्या टीव्हीसाठी बाजूला ठेवावेत.

आता '४के'विषयी. आमच्या टीव्हीसारखे जे 'एचडी रेडी' म्हणून विकले गेले, त्यांच्या पडद्यावर साधारणपणे १३६६ गुणिले ७६८ इतकेच बिंदू असतात. ४के चित्रात ३८४० गुणिले २१६० बिंदू असतात. ते जुन्या पडद्यावर उमटणारच नाहीत. शिवाय ४के चित्रासाठी टीव्हीच्या एचडीएमआय खाचेला एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारे संरक्षण ओळखता यावे लागते, आणि त्या काळातल्या टीव्हींमध्ये ते नाही. ४के स्टिक अशा टीव्हीला जोडली तर बिघडत काही नाही, ती मुकाट्याने कमी दर्जाचे चित्र पाठवते. मात्र त्या आकड्यापायी दिलेले पैसे पदरात पडत नाहीत. हाच विचार वर्गणीलाही लागू होतो. नेटफ्लिक्सने २०२१ च्या डिसेंबरात भारतातले दर उतरवून बेसिक योजना १९९ रुपयांवर आणली. तिचे ७२०पी, म्हणजे ७२० ओळींचे, चित्र आमच्या पडद्याला नेमके पुरेसे आहे. १४९ रुपयांची मोबाइल योजना टीव्हीवर चालत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

एका कारणासाठी ४के स्टिकचा विचार करायला हरकत नाही, आणि ते कारण चित्राचे नसून मेमरीचे आहे. शाओमीची टीव्ही स्टिक ४के भारतात २०२२ च्या फेब्रुवारीत ४,९९९ रुपयांना आली, तिच्यात २ जीबी रॅम आहे. ॲमेझॉनच्या एचडी दर्जाच्या फायर टीव्ही स्टिकमध्ये १ जीबी रॅम असते. घरात मुले असतील, एकामागून एक पाच-सहा ॲप उघडले जात असतील, तर दुप्पट मेमरीचा उपयोग होतो. आमच्या घरात दिवसभरात दोन ॲप उघडतात, तेही सावकाश. त्यामुळे मी १ जीबीवर समाधान मानले आणि त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

माझी चुकलेली खरेदी ती हीच, की सर्वांत आधी मी बाजारातून एक बिननावाचा 'अँड्रॉइड बॉक्स' आणला. खोक्यावर ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण असे छापलेले होते, आणि किंमत नामांकित स्टिकपेक्षा कमी होती. दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, असे बॉक्स सगळीकडेच विकले जातात. घरी लावल्यावर कळले की त्यात टीव्हीसाठी तयार केलेली गूगलची प्रणाली नसून फोनचीच प्रणाली आहे. ॲप फोनसारखे उघडत होते, रिमोटच्या बाणांनी त्यांत फिरता येत नव्हते, आणि वर्गणी भरूनही चित्र धूसर दिसत होते. यामागचे तांत्रिक कारण समजून घेण्यासारखे आहे. वर्गणीचे चित्रपट वाइडवाइन नावाच्या, नक्कल रोखणाऱ्या संरक्षणातून येतात. उपकरणाला त्याचा एल१ हा स्तर नसेल तर एचडी चित्र दिले जात नाही, मग बॉक्सची मेमरी कितीही असो. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. २०२५ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने 'बॅडबॉक्स २.०' या घातक सॉफ्टवेअरविषयी जाहीर इशारा दिला. स्वस्त स्ट्रीमिंग बॉक्स आणि तत्सम उपकरणांमध्ये ते विक्रीपूर्वीच भरलेले असू शकते, आणि मग त्या घराची इंटरनेट जोडणी गुन्हेगारांच्या कामी येते. 'सगळ्या वाहिन्या फुकट' असे सांगून विकला जाणारा बॉक्स वडिलांच्या घरी, जिथे त्यांचा बँकेचा फोन त्याच वायफायवर असतो, तिथे लावणे मला आता मुळीच मान्य नाही. मी तो परत केला. पैसे पूर्ण मिळाले नाहीत, कारण बिल घेतलेले नव्हते.

त्यानंतर फायर टीव्ही स्टिक एचडी घेतली आणि या वेळी बिल घेतले. ही निवड करण्यामागे मुख्य कारण तिचा रिमोट होता, आणि जुन्या टीव्हीसाठी उपकरण घेणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत जास्त वेळ याच गोष्टीवर घालवावा असे माझे ठाम मत आहे. ॲमेझॉनने २०२० साली फायर टीव्ही स्टिक लाइट २,९९९ रुपयांना आणली होती, ती अजूनही अनेक घरांत आहे आणि वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात स्वस्तात मिळते. आतून ती तिच्या मोठ्या भावंडापेक्षा फारशी वेगळी नाही, पण तिच्या रिमोटवर टीव्ही चालू-बंद करण्याची आणि आवाज कमी-जास्त करण्याची बटणे नाहीत. म्हणजे घरात कायम दोन रिमोट सांभाळावे लागतात. तरुणांना त्याचे काही वाटणार नाही. परंतु बाबांसारख्या, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नवी वस्तू शिकणाऱ्या माणसाला 'गाणे या रिमोटने लावायचे आणि आवाज त्या रिमोटने वाढवायचा' हे रोज समजावणे म्हणजे वस्तू न वापरण्याचे कारण हातात देणे होय. एचडीच्या रिमोटवर ही बटणे आहेत आणि ती इन्फ्रारेडने, म्हणजे टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटसारखीच काम करतात, त्यामुळे टीव्ही किती जुना आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. पहिल्यांदा जोडताना टीव्हीची कंपनी निवडायची असते, मग आवाज वाढतो का ते विचारले जाते. आमच्याकडे हे काम दोन मिनिटांत झाले.

याच संदर्भात टीव्हीच्या सेटिंगमध्ये एक उपयुक्त सोय दडलेली असते. एचडीएमआय-सीईसी नावाच्या या सोयीमुळे स्टिकच्या रिमोटवरचे घराच्या चित्राचे (होम) बटण दाबले की टीव्ही आपोआप योग्य खाचेकडे वळतो. प्रत्येक कंपनीने तिला वेगळे नाव दिले आहे : सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, एलजीमध्ये सिम्पलिंक, पॅनासोनिकमध्ये व्हिएरा लिंक. अनेक टीव्हींमध्ये ती बंद ठेवलेली असते, त्यामुळे ती शोधून चालू करावी. बाबांना 'सोर्स' हे बटण पुन्हा दाबावे लागले नाही, हा या सगळ्या उद्योगातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला लाभ.

जोडणी करताना तीन अडचणी आल्या, आणि तिन्ही जुन्या टीव्हीच्या स्वभावातून आलेल्या होत्या. पहिली विजेची. टीव्हीच्याच यूएसबी खाचेतून स्टिकला वीज देण्याचा मोह होतो, कारण वायर दिसत नाही. पण जुन्या टीव्हीची ती खाच बहुधा अर्धाच अँपिअर देते, आणि स्टिकसोबतचा अडॅप्टर ५ व्होल्टला १ अँपिअर देणारा असतो. वीज अपुरी पडली की स्टिक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि टीव्ही बंद केला की तीही बंद पडते. सोबतचा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगला लावावा. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की आई तो प्लग टीव्हीच्या प्लगसोबतच काढून ठेवते, आणि गोव्यातल्या विजांचा अनुभव असलेल्या कोणालाही त्याचे कारण सांगावे लागणार नाही.

दुसरी अडचण आवाजाची होती. एका ॲपमध्ये चित्र यायचे पण आवाज येत नसे. मी स्टिक सदोष समजून परत करायला निघाले होते. प्रत्यक्षात ते ॲप डॉल्बी प्रकारचा आवाज पाठवत होते आणि टीव्हीला तो उलगडता येत नव्हता. स्टिकच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' हा साधा प्रकार निवडल्याबरोबर आवाज सुरू झाला. तिसरी अडचण किरकोळ : पडद्याच्या कडा कापल्या जात होत्या, त्यामुळे सर्वांत वरची ओळ अर्धी दिसायची. जुने टीव्ही चित्र थोडे फुगवून दाखवतात. सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' आणि एलजीमध्ये 'जस्ट स्कॅन' निवडले की ते थांबते.

वायफायच्या बाबतीत आपल्याकडच्या घरांचा वेगळा विचार करावा लागतो. चिऱ्याच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झच्या लहरी फार लवकर क्षीण होतात; २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगात कमी असल्या तरी भिंत अधिक चांगल्या ओलांडतात. राउटर मधल्या खोलीत आणि टीव्ही बाहेरच्या खोलीत असल्याने आम्ही स्टिक २.४ वरच जोडली. सोबत मिळणारी एचडीएमआयची छोटी एक्स्टेंडर वायरही लावली, जेणेकरून स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून तापणार नाही आणि लहरी अडणार नाहीत. नेटफ्लिक्स ७२०पीसाठी सेकंदाला ३ मेगाबिट वेग पुरेसा मानते, आणि केबलवाल्याकडून घेतलेल्या साध्या फायबर जोडणीवर तो सहज मिळतो. सत्तरी किंवा धारबांदोड्याच्या आतल्या गावांत जे फोनच्या हॉटस्पॉटवर विसंबून आहेत, त्यांनी हिशेब आधी करावा : एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, म्हणजे रोज २ जीबी देणारा रिचार्ज एका चित्रपटालाही पुरणार नाही.

भाषेबाबत माझी थोडी निराशा झाली. रिमोटमध्ये बोलून शोध घेण्याची अलेक्सा नावाची सोय आहे. तिला इंग्रजी समजते, हिंदीही समजते, पण मराठी वाक्य समजत नाही. गायकाचे नाव सुटे आणि स्पष्ट उच्चारले तर बहुतेक वेळा शोध लागतो. 'अभिषेकीबुवांची नाट्यपदे लाव' असे सहज बोलून चालत नाही. ज्या भाषेत वयस्कर माणसे विचार करतात त्याच भाषेत त्यांना शोध घेता यावा, ही मागणी अवास्तव नाही. तोपर्यंतचा उपाय म्हणून मी माझ्या फोनवरचे यूट्यूब त्यांच्या टीव्हीशी कोडने जोडले, बाबांच्या आवडीच्या ध्वनिचित्रफितींची एक यादी करून ठेवली, आणि आता ते त्या यादीतून बाणाने खाली जात हवे ते लावतात.

जुना साठा किंवा वापरलेली उपकरणे घेणाऱ्यांसाठी एक सूचना. गूगलने क्रोमकास्ट या आपल्या स्ट्रीमिंग उपकरणाचे उत्पादन २०२४ च्या ऑगस्टमध्ये थांबवले. २०२५ च्या मार्चमध्ये २०१५ सालची, दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर एकाच वेळी बंद पडली, कारण तिच्यातल्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांनी ती दुरुस्त केली. अशी उपकरणे कंपनीच्या आधारावरच जिवंत राहतात, त्यामुळे पाच-सहाशे रुपये वाचवण्यासाठी फार जुनी पिढी घेऊ नये.

कोणी केवळ सह्याद्री वाहिनी आणि बातम्यांसाठी हे सगळे करत असेल, तर त्याने थांबावे; डीडी फ्री डिशवर मासिक वर्गणीशिवाय ते मिळते. आमच्याकडे मात्र स्टिकचा वापर रोज होतो. संध्याकाळी दिवे लागले की बाबा स्वतः टीव्ही लावतात, आई स्वयंपाकघरातून 'आवाज वाढवा' म्हणते, आणि ते त्याच रिमोटने वाढवतात.