सज्जन की कामाचा? राजकीय कादंबरीतील पात्रांचा चांगुलपणा कोणत्या कसोटीवर तोलावा

खानदेशातल्या कोणत्याही गावात निवडणुकीचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. एक असते, "माणूस भला आहे, पण त्याच्या हातून काम होत नाही." दुसरे असते, "त्याचं बाकीचं सोडा, गावात पाणी आणलं ते त्यानेच." विकास सोसायटी असो, बाजार समिती असो की जिल्हा बँक, माणसे तोलण्याची आपली तागडी या दोन पारड्यांचीच असते आणि राजकीय कादंबरी वाचायला घेताना आपण तीच सोबत घेऊन बसतो. तालुक्याच्या वाचनालयात, महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळात किंवा घरगुती वाचक गटात अशी कादंबरी चर्चेला घ्यायची असेल, तर पात्रांचा चांगुलपणा हेतूवरून ठरवायचा की परिणामांवरून, हे आधीच निश्चित केलेले बरे. नाहीतर एक जण नायकाच्या मनाविषयी बोलतो, दुसरा त्याच्या कारभाराविषयी बोलतो आणि दोघांची गाठच पडत नाही. ज्यांच्यावर अशी चर्चा घडवून आणण्याची जबाबदारी आहे, त्यांच्यासाठी या दोन कसोट्यांची, आणि मला अधिक उपयोगी वाटणाऱ्या तिसऱ्या एका कसोटीची, ही तुलना आहे.

तुलनेसाठी दोन कादंबऱ्या घेतल्या आहेत. पहिली रवींद्रनाथ ठाकूर यांची 'घरे बाइरे'. श्रीमंत प्रताप शेठ यांनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली, त्याच १९१६ साली ती पुस्तकरूपाने आली. बंगालमधील स्वदेशी चळवळीची तिला पार्श्वभूमी आहे. दुसरी अरुण साधू यांची १९७७ सालची 'सिंहासन'. मुख्यमंत्री जीवाजीराव, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आणि हा सारा खेळ जवळून पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस ही त्यातील पात्रे मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागत नाहीत. एका कादंबरीत सत्तेबाहेरचे राजकारण आहे, दुसरीत सत्तेच्या आतले, आणि कसोट्यांची परीक्षा घ्यायला हा फरक फार सोयीचा आहे.

हेतूची कसोटी आपल्या परंपरेत खोलवर रुजलेली आहे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त लोकमान्य टिळकांनी केवळ बाह्य परिणामांवर उभ्या राहिलेल्या सुखवादी नीतिशास्त्राची चिकित्सा करून कर्त्याच्या बुद्धीला श्रेष्ठ ठरवले. तेच टिळक १९२० च्या जानेवारीत 'यंग इंडिया'ला लिहिलेल्या पत्रात म्हणतात की, राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे. क्रोधाला अक्रोधाने जिंकावे या बुद्धवचनापेक्षा, जो जसा येईल त्याला मी तसा भेटतो, हे श्रीकृष्णाचे वचन त्यांना अधिक ग्राह्य वाटते. गांधीजींना या दोन वचनांत विरोध मान्य नव्हता. या वादाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण हेतूवादी म्हणजे भोळा आणि परिणामवादी म्हणजे धूर्त अशी वाटणी अनेक वाचक सहज करून टाकतात, आणि ती टिकत नाही.

'घरे बाइरे'वर ही कसोटी उत्तम चालते, कारण कादंबरीची रचनाच तिला अनुकूल आहे. बिमला, तिचा पती निखिलेश आणि चळवळीचा पुढारी संदीप हे तिघे आळीपाळीने आपापली हकीगत स्वतः सांगतात, आणि त्यामुळे वास्तवात कधीच मिळत नाही ती सोय वाचकाला मिळते: माणसाचे मन थेट समोर उघडे होते. जे हवे ते ओरबाडून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे संदीप कसलाही संकोच न बाळगता सांगतो, तेव्हा त्याच्या देशभक्तीविषयी निराळा पुरावा लागत नाही. निखिलेश या कसोटीवर सहज उतरतो. खरी चर्चा बिमलेपाशी होते. तिचे देशावरचे प्रेम खोटे नाही, तिची भारावलेली अवस्थाही खोटी नाही, आणि तरीही त्याच भरात ती घरातल्या तिजोरीतले पैसे चोरते. हेतू शुद्ध म्हणावा, तर त्यात संदीपविषयीची ओढ मिसळलेली आहे. अशुद्ध म्हणावा, तर चोरीनंतरचा तिचा पश्चात्ताप आडवा येतो. एखाद्या गटाला मनाच्या गुंत्यावर बोलायचे असेल, तर बिमलेची प्रकरणे आणि ही कसोटी यांच्याइतकी चांगली जोडी शोधून सापडणार नाही.

पण या कसोटीत एक दोष आहे आणि राजकीय कादंबरीच्या बाबतीत तो गंभीर आहे. लेखकाने ज्याला बोलायला पाने दिली, त्याचाच हेतू वाचकाला कळतो. 'घरे बाइरे'त पंचू नावाचे एक गरीब कूळ आहे. निखिलेशच्या मास्तरांनी दिलेल्या पैशांतून तो कापड घेतो आणि गावोगाव फिरून विकतो. त्याच्या गाठोड्यात विलायती माल निघतो म्हणून स्वदेशीच्या नावाखाली त्याचा जमीनदार त्याला दंड ठोठावतो आणि त्याचे कापड जाळले जाते. या पंचूला कादंबरीत स्वतःचे एकही प्रकरण नाही. हेतू तोलण्यात रमलेला वाचक तीन निवेदकांच्या मनांत इतका गुंततो की पंचू त्याच्या नजरेतून निसटतो.

'सिंहासन'पाशी आल्यावर हीच कसोटी फार लवकर थकते. शुद्ध हेतूचा माणूस शोधायला निघालेला वाचक थोड्याच वेळात "सगळे सारखेच" या निष्कर्षावर येतो आणि चर्चा तिथेच संपते. महाविद्यालयीन मुलांच्या बाबतीत मला याची काळजी वाटते. वयाच्या अठराव्या वर्षी नुकताच मतदानाचा हक्क मिळालेला मुलगा राजकीय कादंबरीतून एवढेच घेऊन उठणार असेल, तर ती वाचनाची पद्धत बदललीच पाहिजे.

परिणामांची कसोटी इथे अधिक कामाला येते. खानदेशातल्या वाचकाला ती मनापासून पटतेही, कारण गिरणा धरणाच्या पाण्याचे आवर्तन वेळेवर सुटले की नाही यावर ज्याचे वर्ष अवलंबून असते, त्याला पुढाऱ्याच्या अंतःकरणाची चौकशी करण्याची चैन परवडत नाही. 'सिंहासन' वाचताना ही कसोटी नेमका प्रश्न विचारते: खुर्चीसाठी डावपेच चालू असताना राज्याचा कारभार कोण पाहत होते, आणि त्या डावपेचांमुळे कोणते निर्णय झाले, कोणते अडले? या प्रश्नासरशी पात्रांमधला फरक पुन्हा दिसू लागतो. सगळे सारखे महत्त्वाकांक्षी असले, तरी सगळ्यांच्या हातून सारखेच नुकसान होत नाही.

परंपरेचा आधार या कसोटीलाही आहे. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्णाने अर्जुनाला सांगितलेली कौशिकाची कथा अनेकांना ठाऊक असेल. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाला, दरोडेखोरांपासून जीव वाचवायला पळालेली माणसे कुठे गेली असे विचारले जाते. तो खरे ते सांगतो, माणसे मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. व्रत निर्दोष होते, हेतू निर्मळ होता, तरी निकाल त्याच्या विरुद्ध लागला.

मात्र कादंबरीच्या बाबतीत परिणामांची कसोटी लावताना एक गोष्ट विसरता कामा नये, आणि वाचक गटांत ती जवळजवळ नेहमीच विसरली जाते: कादंबरीतले परिणाम लेखक ठरवतो. वास्तवात धरण फुटले, तर त्यातून बांधणाऱ्याविषयी काही सिद्ध होते. कादंबरीत धरण फुटते ते लेखकाला फोडायचे असते म्हणून. निखिलेशचे स्वदेशी उद्योगांचे प्रयोग तोट्यात जातात, संसार विस्कटतो, शेवटी दंगल पेटते आणि ती शमवायला निःशस्त्र गेलेला निखिलेश डोक्याला गंभीर जखम होऊन परत आणला जातो. परिणामांवरून निवाडा करायचा, तर तो पूर्ण अपयशी माणूस ठरतो. पण रवींद्रनाथांनी शेवट निराळा केला असता, तर तोच माणूस, तीच कृत्ये करून, थोर ठरला असता का? ज्या कसोटीचा निकाल लेखकाच्या शेवटच्या प्रकरणाबरोबर बदलतो, तिच्यावर पात्राचा चांगुलपणा पूर्णपणे सोपवता येत नाही.

म्हणून माझा कल तिसऱ्या कसोटीकडे आहे. पात्राने निर्णय घेतला तेव्हा त्याच्यासमोर खरोखर दुसरा पर्याय होता का, आणि त्या निर्णयाची किंमत कोणी मोजली, स्वतः त्याने की दुसऱ्या कोणी, हे पाहावे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९१९ साली म्युनिकमधील व्याख्यानात श्रद्धेची नीती (तत्त्वाला चिकटून राहणे) आणि जबाबदारीची नीती (परिणामांचे उत्तर स्वतः देणे) असा भेद केला होता; ही कसोटी जबाबदारीच्या बाजूला झुकते, पण जबाबदारीचा हिशेब ती माणसागणिक मागते.

आमच्याकडच्या एका चर्चेत पंचूचा प्रसंग निघाला, तेव्हा आठवडे बाजारात वर्षानुवर्षे कापड विकलेल्या एका ज्येष्ठ वाचकाने तो ज्या रीतीने उलगडला, त्यातून मला या कसोटीचे मोल कळले. ते म्हणाले, "बाजारात फिरणाऱ्याचा माल त्याचा स्वतःचा कधी नसतो, भाऊ. उधारीवर उचललेला असतो. चार बाजार करायचे, आलेल्या पैशातून आधीची उधारी भागवायची, मग नवा गठ्ठा मिळतो. एक गठ्ठा जळाला म्हणजे नुसतं कापड गेलं नाही, पुढचा गठ्ठा देणाराही गेला." त्यानंतर त्यांनी विचारले की, कापड जाळणाऱ्यांपैकी त्याचे पैसे कोणी भरून दिले. यावर संदीपच्या वक्तृत्वाविषयी किंवा निखिलेशच्या उदारपणाविषयी बोलण्यासारखे फारसे उरले नाही. चर्चेला थेट मुद्दा मिळाला होता.

या कसोटीवर निखिलेश आणि संदीप यांच्यातला फरक स्वच्छ दिसतो. आपल्या बाजारातून विलायती माल सक्तीने हटवायला निखिलेश नकार देतो, कारण त्याचा भार गरिबांवर पडेल हे त्याला दिसते. त्या नकाराची किंमत म्हणून लोकांचा रोष तो स्वतः सोसतो. संदीपच्या निर्णयांची किंमत पंचू मोजतो, बिमला मोजते आणि सर्वांत जास्त अमूल्य मोजतो. बिमलेला पैसे परत करता यावेत म्हणून खजिना लुटणारा, संदीपच्या प्रभावाखालचा हा कोवळा तरुण शेवटी गोळी लागून मरतो, तेव्हा संदीप तिथून निघून गेलेला असतो. पण ही कसोटी निखिलेशला पूर्ण निर्दोष सोडत नाही. संदीपला घरात ठेवून घेण्याचा मोठेपणा त्याचा होता आणि त्याची झळ मात्र बाकीच्यांना लागली. हेतूची कसोटी ही बाजू झाकते, परिणामांची कसोटी तिचा अतिरेक करते.

खानदेशाशी नाते असलेले इतिहासातले दोन प्रसंग शेजारी ठेवले तर ही कसोटी समजावणे सोपे जाते. १९४४ च्या एप्रिलमध्ये धुळे जिल्ह्यातील चिमठाणे येथे स्वातंत्र्यसैनिकांनी इंग्रज सरकारचा खजिना लुटला. १९४७ च्या मे महिन्यात, अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. साधने परस्परविरुद्ध आहेत, एक हिंसेच्या काठावरचे आणि दुसरे आत्मक्लेशाचे. तरीही दोन्ही ठिकाणी जोखीम करणाऱ्यांनी स्वतःच्या जिवावर घेतली होती, हे साम्य नजरेआड करता येत नाही. अमूल्यची लूट चिमठाण्याच्या लुटीहून वेगळी का वाटते, असा प्रश्न गटात टाकून पाहावा. माझे उत्तर असे की, अमूल्यला पुढे घालणारा स्वतः मागे राहिला होता.

तिसऱ्या कसोटीच्याही मर्यादा आहेत. स्वतः किंमत मोजणारा माणूस चुकीच्या गोष्टीसाठीही ती मोजू शकतो, आणि हौतात्म्याच्या ओढीने आपल्याबरोबर घरादारालाही फरफटत नेऊ शकतो. शिवाय ती वापरायची, तर वाचकाला कष्ट घ्यावे लागतात. किंमत मोजणारी माणसे बहुधा दोन-चार ओळींत येऊन जातात, आणि त्यांना शोधायला कादंबरी दुसऱ्यांदा वाचावी लागते.

निवड करताना गट कोणाचा आहे हे पाहावे. अकरावी-बारावीच्या वर्गात हेतूपासून सुरुवात करावी, कारण त्या वयात माणसाच्या मनाविषयीचे कुतूहल सर्वांत जागे असते. त्यासाठी 'घरे बाइरे' योग्य. ग्रामपंचायतीत किंवा सहकारी संस्थेत काम केलेली माणसे गटात असतील, तर 'सिंहासन' घ्यावी आणि परिणामांपासून बोलायला लागावे. कारभाराचा अनुभव असल्यामुळे ती मंडळी लेखकाने कुठे सोपी वाट धरली हेही अचूक सांगतात. दोन बैठकांची सवड असलेल्या गटाने मात्र तिसरी कसोटी सोडू नये. पहिल्या बैठकीनंतर प्रत्येकाला कादंबरीतले एकेक दुय्यम पात्र वाटून द्यावे, त्या पात्राने कोणाच्या निर्णयामुळे काय गमावले ते लिहून आणायला सांगावे आणि दुसरी बैठक त्या टिपणांच्या वाचनाने सुरू करावी. नायकांविषयीची मते त्यानंतर मागवावीत.