परदेशात भाड्याची गाडी आणि ओव्हरस्पीडिंगचा दंड: कंपनीला भरू द्यावा की स्वतः भरावा?

गाडी परत करून महिना-दीड महिना होतो आणि कार्डावरून ४०-५० युरो कापल्याचा मेसेज येतो. दंड वसूल झाला असं समजून बरेच जण विषय तिथेच सोडतात. बहुतेक वेळा तो दंड नसतोच. पोलिसांनी किंवा नगरपालिकेने गाडीच्या नंबरावरून कंपनीकडे विचारणा केली, कंपनीने करार काढून तुमचं नाव-पत्ता कळवला, त्या कामाचं हे शुल्क असतं. खरा दंड अजून वाटेवर आहे.

शुल्क नोटिशीमागे लागतं. एकाच रस्त्यावर पंधरा मिनिटांत दोन कॅमेऱ्यांनी टिपलं तर दंड दोन येऊ शकतात आणि शुल्कही दोनदा. स्वित्झर्लंडच्या मोटरवेवर मर्यादेपेक्षा १ ते ५ किलोमीटर जास्त वेगाला २० फ्रँक दंड आहे, म्हणजे तिथे कंपनीचं शुल्क दंडापेक्षा जड पडतं. करारावर सही केलेली असल्याने ते परत मिळवणं अवघड. शिवाय ते दोन्ही मार्गांत द्यावं लागतं, म्हणून तुलनेतून बाजूला ठेवू. प्रश्न मूळ दंडाचा आहे: तो कंपनीने भरून तुमच्या कार्डावरून वसूल करावा, की कंपनीने फक्त नाव कळवावं आणि तुम्ही थेट सरकारी यंत्रणेकडे भरावा?

ही निवड दर वेळी आपल्या हातात असते असं नाही. करारातलं दंडाचं कलम आधी वाचा. ‘कंपनी दंड भरून ग्राहकाकडून वसूल करेल’ अशी भाषा असेल तर पहिला मार्ग, ‘चालकाची माहिती संबंधित यंत्रणेला देईल’ अशी असेल तर दुसरा. काही करारांत दोन्ही वाक्यं असतात, आणि बोलायला जागा तिथेच मिळते. शुल्क कापल्याचा ईमेल आला की त्याच दिवशी लिहा: दंड परस्पर भरू नका, माझं नाव कळवा, मूळ नोटिशीची प्रत पाठवा. माझ्या अनुभवात दोन-तीन दिवसांत लिहिलं तर बहुतेक वेळा ऐकतात. आठवडा गेला की ‘भरून झालं’ असं उत्तर येतं.

काही देशांत कायदाच निकाल लावतो. जर्मनीत वेगाचा दंड गाडीच्या मालकावर नाही, चालवणाऱ्यावर बसतो, त्यामुळे कंपनी नाव कळवून मोकळी होते. ब्रिटनमध्ये आधी ‘गाडी कोण चालवत होतं’ हा फॉर्म येतो. तो २८ दिवसांत भरून सही करून पाठवावा लागतो. न पाठवणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा मूळ दंडापेक्षा मोठी असते. फॉर्म बाजूला ठेवून नुसते पैसे पाठवायचा प्रयत्न केला तर प्रकरण मिटत नाही.

दुबईत चित्र उलटं आहे. दंड गाडीच्या नंबरावर चढतो, कंपनी तो भरते आणि तुमच्याकडून घेते. डिपॉझिट काही आठवडे अडकवून ठेवतात ते मुख्यतः यासाठीच. तिथे हा मार्ग बिनघोर आहे, कारण दुबई पोलिसांच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर नंबर प्लेट टाकून दंड स्वतः पाहता येतो. गाडी परत करण्याच्या आदल्या रात्री आणि डिपॉझिट सुटायच्या आधी एकदा असं पाहून त्याचा स्क्रीनशॉट ठेवला की पुरे. तिथे स्वतः भरण्याच्या मागे लागू नये.

कंपनीच्या बाजूने आणखी दोन मुद्दे खरे आहेत. परक्या भाषेतलं पत्र उलगडत बसावं लागत नाही. आणि वारंवार पत्ता बदलणाऱ्याला पत्र मिळेलच याची खात्री नसते. मुदत तर चालूच राहते. पुढच्या वर्षी कुठे राहत असाल हे सांगता येत नसेल, तर कंपनीने भरलेलं बरं, असं मीही म्हणेन.

तरीही माझा कौल या मार्गाच्या विरोधात गेला तो एका कटकटीमुळे: हातात कागद राहत नाही. स्टेटमेंटवर कंपनीचं नाव आणि रक्कम एवढंच दिसतं. केस नंबर नाही, कॅमेऱ्याची जागा नाही, वेळ नाही, मोजलेला वेग नाही. रक्कम बरोबर आहे का हे तपासायचं कशावरून? गाडी सकाळी ११ वाजता ताब्यात घेतली आणि नोंद १०:२० ची असेल तर तो दंड आधीच्या ग्राहकाचा. कंपनीत कुणी नुसती तारीख पाहून करार जोडला तर ही गल्लत सहज होते, आणि ती फक्त नोटिशीवरच्या वेळेवरून पकडता येते. करारावर दोन चालक असतील तर कंपनी पहिल्याचंच नाव लावते. चाकावर दुसरा होता हे सांगायचा रकाना नोटिशीसोबतच्या फॉर्मवर असतो, कार्डाच्या वजावटीवर नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. दंड भरणं म्हणजे अनेक ठिकाणी गुन्हा मान्य करणं. स्पेनमध्ये नोटीस मिळाल्यापासून २० दिवसांत भरलं तर निम्मी रक्कम माफ होते, पण त्याबरोबर बाजू मांडण्याचा हक्कही सुटतो. हा सौदा बहुतेकांना परवडणारा आहे. फक्त तो आपण केलेला असावा, कंपनीच्या लेखा विभागाने आपल्या वतीने नव्हे.

आता स्वतः भरण्याचा मार्ग. यात पैसा वाचतो तो सवलतीच्या मुदतीत, आणि चुकाही तिथेच होतात. इटली हे सगळ्यात चांगलं उदाहरण. मर्यादेपेक्षा १० ते ४० किलोमीटर जास्त वेगाला दंड १७३ युरोपासून सुरू होतो, रात्री १० ते सकाळी ७ दरम्यान एक तृतीयांश वाढतो. नोटीस मिळाल्यापासून ५ दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट, म्हणजे १२१ युरो १० सेंट. ६० दिवसांपर्यंत पूर्ण १७३. त्यानंतर कमाल दंडाच्या निम्मी रक्कम, म्हणजे ३४७ युरो, वर वसुलीचा खर्च. टपालाचा खर्च वेगळा लावतात आणि त्यावर सूट नसते, त्यामुळे रक्कम स्वतः गुणून काढण्यापेक्षा पत्रात छापलेली भरावी. भरण्याआधी वेगाचा आकडा बघा: मोजलेल्या वेगातून ५ टक्के, पण किमान ५ किलोमीटर वजा करूनच जादा वेग धरतात. १० किलोमीटरच्या आत बसलात तर दंड ४२ युरोपासून सुरू होतो. एका किलोमीटरने चौपट फरक पडतो, म्हणून हा हिशेब सोडू नये.

इटलीत बहुतेकांचं चुकतं ते बँक ट्रान्सफरमध्ये. परदेशातून पाठवलेल्या रकमेतून मधल्या बँका आपलं शुल्क कापतात. १२१ युरो पाठवले, पोचले १०८. कमी पोचलेली रक्कम पूर्ण भरणा धरत नाहीत. ती आगाऊ म्हणून जमा होते आणि उरलेली वाढीव दराने वसुलीला जाते. सहा महिन्यांनी दुसरं पत्र आलं की माणूस म्हणतो, मी तर भरलं होतं. उपाय दोन आहेत. पोर्टलवर कार्ड चालत असेल तर कार्डाने भरा, कारण ५ दिवसांच्या मुदतीत ट्रान्सफर पोचेल याचा भरवसा नाही. ट्रान्सफरच करावं लागलं तर ‘सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून’ हा पर्याय निवडा आणि संदर्भाच्या रकान्यात वेरबाले, म्हणजे नोटिशीचा क्रमांक, आणि तार्गा, म्हणजे गाडीचा नंबर, एवढंच लिहा. तिथे स्वतःचं नाव आणि ‘स्पीडिंग फाइन’ लिहून पाठवलेले पैसे कोणत्या फाइलला लावायचे हे तिथल्या कारकुनाला कळत नाही. जर्मनीतही असंच, तिथे आक्टेनत्साइशेन नावाचा फाइल क्रमांक टाकायचा असतो.

फ्रान्स त्या मानाने सोपं. गावात २० किलोमीटरच्या आतल्या जादा वेगाला १३५ युरो, लवकर भरले तर ९०, उशीर झाला तर ३७५. गावाबाहेर हेच आकडे ६८, ४५ आणि १८०. नोटिशीवर पेमेंटचा नंबर आणि त्याची की छापलेली असते, ती सरकारी पोर्टलवर टाकून कार्डाने भरायचं. एक खबरदारी घ्या: कंपनीने नाव कळवल्यावर तुमच्या नावाने नवी नोटीस निघते आणि तिचा नंबरही नवा असतो. कंपनीने पाठवलेल्या प्रतीवरच्या जुन्या नंबरावर पैसे भरू नयेत.

स्वित्झर्लंडमध्ये ठरावीक दरपत्रक आहे. गावात १ ते ५ किलोमीटर जास्त असेल तर ४० फ्रँक, ६ ते १० ला १२०, ११ ते १५ ला २५०. ३० दिवसांत भरलं की संपलं. नाही भरलं तर प्रकरण नेहमीच्या फौजदारी प्रक्रियेत जातं आणि वर खर्च चढतो.

या मार्गाचा खरा दोष म्हणजे वाट पाहणं. इटलीत परदेशी राहणाऱ्याला नोटीस बजावायला ३६० दिवसांची मुदत आहे, आणि तीही कंपनीकडून नाव कळल्यानंतर मोजली जाऊ शकते. म्हणजे सहलीनंतर वर्षभराने पत्र आलं तरी ते उशिराचं असेलच असं नाही. काउंटरवर पत्ता लिहिताना याचा विचार करा: लायसन्सवरचा जुना पत्ता नको, पुढची दोन वर्षं टपाल मिळेल असा द्या आणि करारावर तो नीट टाइप झाला का बघा. कराराचा फोटो, गाडी घेतल्याची आणि परत केल्याची वेळ दाखवणारी पावती, नंबर प्लेट दिसेल असा गाडीचा फोटो, हे तेवढाच काळ जपून ठेवा. ईमेलने किंवा मेसेजने आलेल्या लिंकवर भरू नका. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा आणि केस नंबर टाकल्यावर गाडीचा नंबर जुळतो का ते पाहा. भरल्यावर मिळणारी पावती पीडीएफ करून त्याच फोल्डरमध्ये टाका.

राहता राहिला तो प्रसंग ज्यात कंपनीने दंडही कापला आणि नंतर तुमच्या नावाने नोटीसही आली. घाबरून दुसऱ्यांदा भरू नका, आणि गप्पही बसू नका. कंपनीकडे भरणा केल्याचा पुरावा मागा, आणि त्यावर केस नंबर आणि भरल्याची तारीख असलीच पाहिजे असं स्पष्ट लिहा. नंबर तुमच्या नोटिशीशी जुळला तर तो पुरावा मुदतीच्या आत यंत्रणेला पाठवा. जुळला नाही, किंवा सवलतीची मुदत संपत आली तरी कंपनीने काहीच दिलं नाही, तर ती मुदत जाऊ न देता स्वतः भरा आणि सरकारी पावती जोडून कंपनीकडे कापलेली रक्कम परत मागा. ती पावती हातात असली तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करतानाही तुमची बाजू भक्कम राहते.