जीएनडी फिल्टर, आठ महिने वापरल्यावर : तलावाच्या पारीवरून

"काय जी भाऊ, मोजणी करून रायले का?"

डिसेंबरातली गोष्ट. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, ट्रायपॉड लावून उभा होतो. खांद्यावर जाळं टाकलेले एक काका मागे येऊन थांबले. आमच्या पट्ट्यात रस्त्याच्या मोजणीच्या गोष्टी ऐकून ऐकून तीन पायांवरचं कोणतंही यंत्र दिसलं की माणसांच्या पोटात गोळा येतो. म्हटलं, नाही जी काका, सूर्य निघताना फोटो काढतो.

"तो तं रोजच निंगते." मग लेन्सपुढच्या काळपट पट्टीकडे बोट. "हे काच काहून लावलं मंग? डोरे दुखते का त्याचे?"

मी आजवर या पट्टीबद्दल, म्हणजे जीएनडी (ग्रॅज्युएटेड न्यूट्रल डेन्सिटी) फिल्टरबद्दल, जेवढं वाचलं त्यात याहून चांगला खुलासा सापडला नाही. कॅमेऱ्याचे डोरे खरंच दुखतात. पहाटे तांबडं फुटलं की आभाळ उजळतं, पण धानाच्या बांध्या (भातशेतीचे तुकडे) अजून अंधारातच असतात. आपले डोळे दोन्हीकडचं सांभाळून घेतात, कॅमेऱ्याला ते जमत नाही. सूर्य निघायच्या पंधरा मिनिटं आधी मी मोजून पाहिलं होतं, कॅमेऱ्याची सेटिंग तीच ठेवून : एफ ११, आयएसओ १००. आभाळाला पाव सेकंद पुरत होता, बांधीला दोन सेकंद लागत होते. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा; हा तीन स्टॉपचा फरक, म्हणजे आठपट. ही पट्टी वरच्या अर्ध्या भागात काळी असते, खाली स्वच्छ. वरचा काळा भाग आभाळावर आणायचा, बस.

मी लग्नाचे फोटो काढतो. अर्जुनी मोरगाव, लाखांदूर हा माझा फिरण्याचा टापू. दिवाळीनंतर मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू झाल्या की झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाची, नाटकं असतात, तिथेही कॅमेरा घेऊन जावं लागतं. नाटक रात्रभर चालतं, पडदा पडतो तेव्हा पहाट झालेली असते, घरी जाऊन झोपण्यात अर्थ नसतो. तिथून थेट तलावावर जायची सवय अशी लागली. कॅमेरा दहा वर्षांचा, क्रॉप (लहान) सेन्सरचा. ऑक्टोबरात सेकंडहँड सेट घेतला : पट्टी धरणारा होल्डर, तो लेन्सवर बसवायची अॅडॉप्टर रिंग आणि ८४ मिलिमीटर रुंदीच्या दोन रेझिन (प्लास्टिकच्या) पट्ट्या, एक हार्ड (काळा भाग एकदम संपतो) आणि एक सॉफ्ट (काळा भाग हळूहळू फिका होतो), दोन्ही तीन स्टॉपच्या. आता जून लागलाय, त्यामुळे हिशोब मांडायला हरकत नाही.

पहिली गोष्ट अशी की हा फिल्टर आमच्यासारख्या सपाट मुलखासाठीच बनवला असावा असं वाटतं. फिल्टरमधली काळ्या-पांढऱ्याची सीमा सरळ असते. डोंगराळ भागात क्षितिज वाकडंतिकडं, म्हणून शिखरं काळी पडतात. आमच्याकडे धुऱ्यामागे धुरा (शेताचे बांध), मग झाडांची एक बारीक रेघ आणि त्यावर आभाळ. हार्ड पट्टी त्या रेघेवर अशी बसते की फोटोत फिल्टर लावलाय हे कळतच नाही. नोव्हेंबरात धान कापून कडपा (कापलेल्या धानाच्या ओळी) पडल्या होत्या, पुंजणे (गंज्या) रचायचे होते. त्या पंधरा दिवसांत मी हार्ड पट्टीशिवाय दुसरं काही लावलं नाही. कडपांवरचं दहिवर, त्यातली प्रत्येक काडी वेगळी, आणि वर तांबूस आभाळाचा रंग उडालेला नाही. असे फोटो मला त्याआधी कधी मिळाले नव्हते.

पण मध्ये मोहाचं एक झाड आलं की सगळा खेळ बिघडतो. झाडाचा बुंधा उजेडात आणि शेंडा शाई ओतल्यासारखा काळा. झाड सावलीसारखं काळंच दाखवायचं असेल तर चालतं. पानं दिसायला हवी असतील तर हार्ड काढा, सॉफ्ट लावा, नाहीतर दोन वेगवेगळे फोटो काढून घरी जोडा. जोडण्याला माझा विरोध नाही, पण वाऱ्यानं धान हलत असेल तर जोडलेल्या फोटोत ओंब्यांना दोन-दोन सावल्या येतात. ते साफ करत बसायला लग्नसराईत वेळ कुणाकडे असतो?

लोणारला मात्र फिल्टरनं पार हात टेकवले. तिथलं विवर अशनी आदळून बेसॉल्टात पडलेलं, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. पश्चिमेच्या काठावर पहाटे उभं राहिलं तर समोर पूर्वेचा काठ धनुष्यासारखा वाकलेला दिसतो, आणि सूर्य निघाला तरी खालचं पाणी बराच वेळ सावलीत राहतं. सरळ सीमेचा फिल्टर त्या वाकड्या काठावर कुठे लावणार? मधोमध लावला तर दोन्ही टोकं काळी, टोकांवर लावला तर मध्ये आभाळ पांढरं. वर रेझिन पट्टीचा रंग. स्वस्त पट्टीतला काळा रंग सगळ्या रंगांना सारखा अडवत नाही, त्यामुळे फोटोवर जांभळट-गुलाबी छटा चढते. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी खरोखर गुलाबी झालं होतं. माझे फोटो पाहून एका मित्रानं विचारलं, "पुन्हा झालं का?" नाही, म्हटलं, ही पट्टीची कृपा. ही छटा रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढता येते, पण फक्त वरच्या भागातून काढायची असते आणि खालचा भाग मूळचाच ठेवायचा असतो. एवढा खटाटोप करायचा तर फिल्टर कशाला घेतला, असं त्या रात्री वाटलं होतं.

आता तलावाचं. या फिल्टरनं मला खरा धडा तिथेच दिला. आमच्याकडे भंडारा-गोंदियात माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या ताब्यातले) तलाव हजारोंनी आहेत, बरेचसे कोहळी समाजानं बांधलेले, धानाला पाणी मिळावं म्हणून. नवेगावबांधपासून आमच्या गावच्या बोडीपर्यंत (लहान तळ्यापर्यंत) सगळीकडे पहाटेचं पाणी आरशासारखं. मी तीन स्टॉपची पट्टी लावायचो आणि फोटो सुंदर यायचा, फक्त त्यात काहीतरी खोटं वाटायचं. काय ते दोन महिने कळलं नाही. मग एक दिवस घरी फोटो उलटा करून पाहिला आणि लक्षात आलं : पाण्यातलं आभाळ वरच्या आभाळापेक्षा उजळ होतं! असं कधी होत नाही. पाण्यातलं प्रतिबिंब मूळ आभाळापेक्षा साधारण एक स्टॉपनं तरी मंद असतं. माझी पट्टी वरच्या आभाळाला तीन स्टॉप दाबत होती, प्रतिबिंबाला हात लावत नव्हती, म्हणून हिशोब उलटा पडला. तलावावर दोन स्टॉपची पट्टी पुरते, कधी एकचीही. सेट विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं. त्याला कदाचित माहीतही नसेल.

आणखी एक. सूर्याचं बिंब वर आलं की सॉफ्ट पट्टी निकामी होते. ती आभाळाच्या माथ्यावर सगळ्यात काळी आणि क्षितिजाजवळ सगळ्यात फिकी. सूर्य निघताना सगळ्यात जास्त उजेड कुठे असतो? क्षितिजाजवळच. म्हणजे जिथे दाबायचं तिथे ती ढिली पडते. यासाठी रिव्हर्स नावाची वेगळी पट्टी मिळते, सीमेपाशी सगळ्यात काळी आणि वर फिकी होत जाणारी. मी घेतली नाही. कारण आमच्याकडे बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण वर यायला सव्वादोन मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात पट्टी बदलायची की फोटो काढायचा? मी त्या वेळी होल्डरच काढून ठेवतो. शिवाय सूर्य समोर असताना लेन्सपुढे आणखी एक पृष्ठभाग ठेवला की हिरवट ठिपके येतात. एका नाटकाच्या पहाटे झोपेत हे विसरलो आणि वीस फोटोंत तो ठिपका नेमका तळ्यातल्या माणसाच्या डोक्यावर, जणू बोराची टोपी.

धुक्यात तर ही वस्तू बॅगेतच ठेवावी. जानेवारीत तलावावर धुकं उतरलं की वरचं आणि खालचं आधीच सारखं होतं, फरक उरतच नाही. फिल्टर लावला की आभाळ राखेसारखं मळकट दिसतं. आणि दव! स्वच्छ आभाळाखाली लेन्स आणि पट्टी इतक्या थंड होतात की त्यांच्यावर दव बसतं, तेही बघता बघता. सुरुवातीला मी पट्टी पुसत बसायचो. माझ्या मायनं जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा दिला होता, त्यानं. पुसताना धुळीचा कण अडकला आणि डाव्या कोपऱ्यात ओरखडा पडला. रेझिनला ओरखडे फार पटकन पडतात, हे आधी कळायला हवं होतं. आता मी पुसतच नाही. निघायच्या आधी लेन्सवर एक जुना लोकरी मोजा चढवून ठेवतो आणि पट्टी स्वेटरच्या आत, छातीशी. फोटो घ्यायच्या वेळीच बाहेर. तेवढ्यानं पाच-सात मिनिटं मिळतात.

होल्डरच्या दोन खाचांपैकी बाहेरची मी पहिल्याच महिन्यात उघडून काढून टाकली, कारण लेन्स पूर्ण रुंद केली की फोटोच्या कोपऱ्यांत खाचेची काळी सावली यायची. होल्डर घट्ट करायचा पितळी स्क्रू डिसेंबरात बांधीच्या चिखलात पडला. अर्धा तास हातानं चिखल चाळला, सापडला नाही. शेवटी सायकलच्या दुकानातून तेवढ्याच आट्यांचा स्क्रू बसवून घेतला. तो मूळ स्क्रूपेक्षा चांगला निघाला, कारण त्याचं डोकं मोठं आहे आणि थंडीनं बोटं आखडली तरी फिरवता येतो.

मोहाच्या दिवसांबद्दल थोडं लिहितो, कारण या फिल्टरचे सगळ्यात चांगले फोटो मला तेव्हा मिळाले. मार्च-एप्रिलात बाया-पोरं पहाटेच मोहफुलं वेचायला निघतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा कुणीकुणी आदल्या दिवशी जाळलेला असतो. त्याचा धूर सकाळपर्यंत जमिनीलगत रेंगाळतो. (यातूनच जंगलाला वणवे लागतात, म्हणून वनखातं रागावतं, आणि ते बरोबरच आहे.) त्या धुरामुळे आभाळाचा खालचा पट्टा नारिंगी, वरचा निळा, आणि जमिनीवर टोपलं घेऊन वाकलेली माणसं. सॉफ्ट पट्टी, दोन-तीन सेकंदांचं एक्सपोजर. माणसं हलल्यानं धूसर होतात, पण टोपल्यातली फुलं स्थिर असतात, ती स्पष्ट येतात. एका मावशीनं स्क्रीनवर पाहून विचारलं, "माझं तोंड कुठं गेलं?" दुसरा फोटो काढून दिला, फिल्टर न लावता, फ्लॅश मारून. तिला तोच आवडला.

आठ महिन्यांत जागेचाही एक हिशोब कळला, तो फिल्टरशी जोडलेला आहे. आमच्याकडे सूर्य डिसेंबरात ज्या जागी निघतो तिथून जूनपर्यंत क्षितिजावर सुमारे ५० अंश डावीकडे सरकतो. माझ्या पारीवरून हिवाळ्यात तो मोकळ्या बांध्यांवर निघायचा, सरळ रेघेवर, हार्ड पट्टीला एकदम सोयीचा. आता तो चिंचेच्या राईमागून निघतो. तीच जागा, तीच पट्टी, आणि आता ती काहीच कामाची नाही. वेळही बदलतो : जानेवारीच्या मध्यात सात वाजायला आठ-दहा मिनिटं कमी असताना, आता जूनमध्ये साडेपाचच्या आतबाहेर. म्हणजे आभाळाचे रंग हवे असतील तर पाचला पारीवर पाहिजे. लग्नाच्या रात्रीनंतर ते जमत नाही, खरं सांगतो.

कुणी घ्यावा? नवा कॅमेरा असेल, त्याची रॉ फाइल अंधारे भाग तीन स्टॉप उजळूनही स्वच्छ राहत असेल, तर पैसे वाचवा, पेट्रोलला घाला. माझ्यासारखा जुना कॅमेरा असेल आणि राहणं सपाटीवर असेल तर घ्या, पण पूर्ण सेट घेऊ नका. काचेची दोन स्टॉपची सॉफ्ट पट्टी, एक साधा होल्डर, झालं. मोबाइलवाल्यांनी याच्या वाटेलाच जाऊ नये, मोबाइल हे काम आपणहून करतो, कधीकधी जरा जास्तच.

मी काचेची मागवली आहे. पाऊस लागायच्या आत आली तर बरं, कारण रोवणी (धानाची लावणी) सुरू झाली की बांध्यांत पाणी चढतं, सगळं शिवार तलाव होतं, सारसांची जोडी कुठे उतरली अशी खबर येते आणि मग पहाटे घरी कोण थांबणार. जुन्या दोन्ही रेझिन पट्ट्या विकायला काढल्यात. हार्ड स्वच्छ आहे. सॉफ्टला डाव्या कोपऱ्यात ओरखडा आहे, तो आभाळात दिसतो, आणि पट्टी उलटी लावून चालणार नाही. स्क्रू सायकलचा आहे, तो मात्र देणार नाही.